अनैसर्गिक लिंका

मसुदा पहिला

रकाना १. काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा.

माननीय तपासनीस,
आमच्या साइटवर काही बाहेरच्या लिंका कशा आल्या याची आम्हाला कल्पना नाही. बहुधा कुणीतरी बाहेरून

(हे खोटं आहे. तरी सर्चवाल्यांना पाठवलं. बारा दिवसांनी उत्तर आलं: विनंती नामंजूर.)

मसुदा दुसरा

माननीय तपासनीस,
साइट माझ्या वडिलांची आहे. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे, चाळीस वर्षं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं. थरथरत्या हाताला सुईच्या भोकात दोरा जात नाही, आणि मिस्त्रीलाच दोरा ओवता येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक मशीन उचलून घेऊन जातं, काही बोलत नाही. मग मी म्हटलं, बाबा, तुम्ही बोला, मी लिहिते. ते बोलले, मी टाइप केलं. दोरा का तुटतो. टाका का सुटतो. सुई कापड का खाते. दोनशे साठ लेख झाले. लोक सर्चमध्ये आपलं दुखणं लिहायचे, तुम्ही त्यांना आमच्याकडे पाठवायचात, आणि लेखाखाली ते प्रश्न विचारायचे. रोज तीन-चार तरी. सकाळी मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. दुपारी चारला घरी आले की बाबा दोन्ही हात मांडीखाली दाबून खुर्चीत तयार बसलेले असायचे. मी प्रश्न वाचायची, ते उत्तर सांगायचे. हात नसलेलं दुकान म्हणा. पण दुकान चालू होतं.

तुमची सूचना आली आणि साइट सर्चमध्ये दिसेनाशी झाली, त्या दिवसापासून एकही प्रश्न आलेला नाही. आज तेविसावा दिवस. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ते रोज चारला बस

(इथे रकाना भरला. अक्षरांची मर्यादा आहे, आणि मी अजून मुद्द्यावर आले नव्हते.)

मुद्दा

मी लिंका विकल्या.

लिंक म्हणजे लेखातला एखादा शब्द. त्यावर बोट ठेवलं की माणूस दुसऱ्याच्या दुकानात पोचतो. बऱ्या साइटवरून अशी वाट गेली, की सर्चवाल्यांना वाटतं हे दुकानही बरं असणार, आणि ते त्याला वर दाखवतात. म्हणून वाटा विकत घ्यायला माणसं हिंडत असतात. आमच्याकडे एक जण यायचा, म्हणजे मेल यायची. सुरुवात नेहमी एकच: आदरणीय संपादक महोदय. मी त्याचं नाव महोदय ठेवलं. तो शब्द पाठवायचा आणि तो शब्द कुठल्याही लेखात बसवायला सांगायचा. शब्द जसाच्या तसा, एक काना इकडचा तिकडे नाही. मी बसवायची. आधी सर्व्हरचं भाडं निघावं म्हणून, नंतर सवय म्हणून.

बाबांना हे ठाऊक नव्हतं. डोळ्यांमुळे त्यांना स्क्रीनवरचं वाचता येत नाही. मी जे वाचून दाखवते तेच त्यांच्या दृष्टीने साइटवर असतं.

महोदय, फोनवर

सूचना आल्यावर आठवड्याभराने त्याचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच ऐकला. मला वाटलं होतं कुणी पोक्त माणूस असेल. तोंडात काहीतरी चघळत बोलत होता.

"मॅडम, त्या लिंका काढून टाका ना लवकर."

"कुठल्या?"

"आमच्या सगळ्याच. तुमच्या साइटला दंड लागलाय. आता तुमच्याकडून आलेली वाट आमच्या क्लायंटला बाधते."

"लावताना आदरणीय महोदय म्हणत होतात."

"आताही आदर आहेच. पण काढा."

"किती आहेत? तुमच्याकडे यादी असेल ना?"

"यादी तुमच्याकडे पाहिजे, मॅडम. साइट तुमची."

"मी नाही ठेवली."

"आम्हीपण नाही ठेवत," तो म्हणाला. "कागद राहिला की वास राहतो."

फोन ठेवताना त्याने नमस्कार केला, माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि पुढे कधी साइट सुधारली तर कळवा म्हणाला.

मसुदा तिसरा

रकाना २. दुरुस्तीसाठी काय केलं?

जुन्या मेल धुंडाळून एकेचाळीस लिंका काढल्या. वाट तोडली, शब्द तसेच ठेवले.

(नऊ दिवसांनी उत्तर: नामंजूर. सोबत नमुन्यादाखल तीन लेखांचे पत्ते, अजून तिथे वाटा आहेत म्हणून. तिन्ही लेख मी उघडून पाहिले. तीनपैकी एकही लिंक लावल्याचं मला आठवत नव्हतं. मी इतकी निर्ढावले होते की कधी हात चालला आणि कधी नाही याचा हिशेबच डोक्यात उरला नव्हता.)

प्रश्नोत्तरं

रोज चारला बाबा हात मांडीखाली दाबून बसत होते. पहिल्या आठवड्यात मी सांगितलं, सर्व्हर बंद आहे. दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, सुट्ट्या आहेत, लोक गावाला जातात. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. पलंगावर बसून उशांचे अभ्रे शिवत असते आणि डाव्या कानाने कमी ऐकते, पण नको ते बरोबर ऐकते. ती म्हणाली, "सगळं जग एकाच वेळी गावाला गेलं? मग गावात मावतंय कुठे?"

तिसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "लोकांनी शिवणं सोडलं असेल. तयार कपडे स्वस्त झालेत." त्यांनी हात मांडीखालून काढले आणि खिडकीकडे खुर्ची वळवली. हात हलत होते, आणि त्यांना आता ते दिसले तरी चालत होते. ते मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रश्न वाचून दाखवला. माझा मीच लिहिलेला, दवाखान्यात, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीच्या मागे.

बाबांनी खुर्ची वळवली. उत्तर सांगितलं. मी टाइप केल्याचा आवाज केला.

मग रोज एक. कधी दोन. मला सोपं जात होतं, मी दोनशे साठ लेख टाइप केलेत. बाबा जेवायला नीट बसू लागले. एकदा उत्तर देताना हसलेसुद्धा. मी मनात म्हटलं, चाललंय तोवर चालू दे, तेवढ्यात सर्चवाले ऐकतील.

तेराव्या दिवशी मी वाचलं: "माझ्या मशीनच्या शटलमध्ये दोरा गुंतून बॉबिन केस बाहेर येत नाही. टेन्शनचा स्क्रू सैल करावा का?"

बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

"बाबा? उत्तर?"

"कुणी विचारलंय?"

"एका बाईंनी."

"बाई मिस्त्री आहेत का?"

"नाही. घरी शिवतात."

"शटल म्हणाल्या?"

"हो."

"बॉबिन केस म्हणाल्या? टेन्शनचा स्क्रू म्हणाल्या?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीनवर काही नव्हतं.

"चाळीस वर्षं दुकान केलं मी," बाबा म्हणाले. "एक गिऱ्हाईक शटल म्हणत आलं नाही. खालची डबी म्हणतात. ते खडखडतं ते, म्हणतात. एक जण मशीनचं पोट म्हणायचा. अजून एक बाई होत्या, वरचा दोरा रुसतो म्हणायच्या. ज्याला नाव माहीत असतं तो मशीन घेऊन येतच नाही, घरीच दुरुस्त करतो. हे सगळं माझं बोलणं आहे. मलाच परत ऐकवतेस."

आत्या म्हणाली, "मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू दोन पोळ्या जास्त खात होतास. म्हटलं राहू दे."

मग मी सगळं सांगितलं. लिंका, महोदय, दंड, दोन नामंजुऱ्या. एकदाही थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. सूचनेतली ओळ जशीच्या तशी वाचून दाखवली: आपल्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या अनैसर्गिक लिंका आढळल्या आहेत.

"अनैसर्गिक," आत्या म्हणाली. "शी. घरात तरी हळू वाच."

बाबा हसले नाहीत. "म्हणजे माझ्या वाक्यात दुसऱ्याचे शब्द घातलेस."

"हो."

"किती ठिकाणी?"

"माहीत नाही, बाबा."

"सगळं वाच," ते म्हणाले. "पहिल्यापासून. माझं नसेल ते मी सांगतो."

वाचन

दोनशे साठ लेख. रोज चार ते सहा. मी वाचायची, बाबा डोळे मिटून ऐकायचे. मशीनचा आवाज ऐकून कुठे घासतंय ते ओळखायची त्यांची जुनी सवय होती, त्याच पद्धतीने ते वाक्यं ऐकत होते. वाक्य वाकडं झालं की उजव्या हाताची बोटं मांडीवर आपटायची. ती थरथर नव्हती, मला फरक कळायला लागला होता.

बाबांचं: सुई महिन्याला बदला. बोथट सुई कापड खाते.
छापलेलं: सुई महिन्याला बदला, जसं आपण नवीन मोबाइल कव्हर ऑनलाइन बदलतो, कारण बोथट सुई कापड खाते.

"हे मी बोललो?"

"नाही."

"वाचणाऱ्याला वाटलं असेल मिस्त्रीला उन्हाचा त्रास झालाय."

बाबांचं: पायमशीनवर पाठ ताठ ठेवून बसा, नाहीतर कंबर धरते.
छापलेलं: पायमशीनवर पाठ ताठ ठेवून बसा, नाहीतर कंबर धरते आणि मग स्वस्त आरामदायी गादी शोधावी लागते.

"हे चांगलंय," आत्या म्हणाली. "हे ठेवा."

एकशे बारा ठिकाणं निघाली. काही वाटा मी आधी तोडल्या होत्या, शब्द मात्र वाक्यात तसेच लोंबकळत होते, टाके उसवल्यावर कापडात दोरे राहतात तसे. ते मी एकेक उपसले. काही ठिकाणी बाबांचं मूळ वाक्य काय होतं ते त्यांनाही आठवेना. मग ते नव्याने सांगायचे, आणि नवं वाक्य आधीच्यापेक्षा आखूड असायचं. ते थकत होते. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाकी सगळेही असंच विकतात का?" मी म्हटलं, बरेच जण. "मग त्यांचं कोण वाचतंय बसून?" मी पुढचा लेख उघडला.

अकराव्या दिवशी लेख एकशे अठ्ठ्याऐंशी आला. मशीनला तेल कसं घालावं. मी तो टाळून पुढचा वाचायला घेतला.

"एक राहिला," बाबा म्हणाले. त्यांनी मोजले नव्हते. पण बॉबिननंतर तेल येतं हे त्यांना माहीत होतं, कारण तो क्रम त्यांचाच होता.

तेल

बाबांचं: मशीनला मशीनचंच तेल घाला. केसांचं तेल, खाण्याचं तेल चुकूनही नको. ते आत गोंदासारखं धरतं.

महोदयाने पाठवलेला शब्द: शुद्ध केसांचं तेल. आणि खाली एक अट. क्लायंटला आपल्या शब्दाच्या आसपास नकार नको आहे. नको, नाही, टाळा, असं काही त्या वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात नसावं.

छापलेलं: मशीनला तेल घाला. मशीनचं तेल, शुद्ध केसांचं तेल, खाण्याचं तेल, प्रत्येकाचा गुण वेगळा.

मी हे वाचून दाखवलं. बाबांची बोटं हलली नाहीत. ते डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले.

"नको कुठे गेलं?"

"काढलं."

"का?"

मी अट वाचून दाखवली.

"मला वाटलं होतं," मी म्हटलं, "मी खोटं तर काहीच लिहीत नाहीये. गुण वेगळाच असतो. घाला असं मी म्हटलेलं नाही."

"घरात मशीनचं तेल नसतं," बाबा म्हणाले. "केसांचं असतं. तू म्हणायची गरज नाही. नको म्हणायची गरज असते."

इथे मी थांबू शकले असते. तपासनिसांना एवढं पुरेसं होतं, बाबांनाही. पण आता त्या लेखावर आलोच होतो.

मी म्हटलं, "एका बाईंनी कमेंट केली होती. वर्ष झालं."

"कुठे आहे?"

"पुसली."

ती मी दवाखान्यात बसून वाचली होती. समोर एक आजोबा नवी कवळी घ्यायला आले होते, त्यांची डबी माझ्या टेबलावर होती, डॉक्टर आतून नाव पुकारत होते. मी अंगठ्याने कमेंट पुसली, आजोबांना आत पाठवलं. दोन्ही कामं मिळून अर्धं मिनिट. कमेंट साइटवरून गेली, पण कमेंट आल्याची सूचना मेलमध्ये पडते, ती मी कधी पुसली नव्हती. ती आता उघडून वाचली:

मिस्त्रीकाका तुमचं वाचून घरातलं केसांचं तेल घातलं. दोन दिवस मशीन मस्त पळालं. आता मोठं चाक हलेना. जोर लावला तर आत कट्ट वाजलं. काय करू?

आत्याची कात्री थांबली.

"काय करू म्हणून विचारलंय तिने," बाबा म्हणाले. "माझ्या दुकानात येऊन विचारलंय. आणि तू तिला दाराबाहेर काढलंस."

आजवर बाबा माझ्यावर ओरडल्याचं मला आठवत नाही. तेव्हाही ओरडले नाहीत. फक्त उत्तर सांगायला लागले, वर्षापूर्वी सांगायचं होतं ते, आणि मी लिहून घेतलं: आधी सुई काढून ठेवा. चाकाला जोर लावू नका. रॉकेलचे थेंब तेलाच्या प्रत्येक भोकात सोडा, एक दिवस तसंच ठेवा, मग चाक हाताने थोडं पुढे थोडं मागे. सुटेल. सुटलं की फडक्याने टिपा, मग मशीनचं तेल. कट्ट वाजलं ते काय ते इथून कळत नाही, फोटो पाठवा. दुरुस्तीचा खर्च आला तर आम्ही देऊ. तुमची चूक नाही.

सूचनेत त्या बाईंचा मेलचा पत्ता होता, त्यावर त्याच संध्याकाळी पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं.

नमस्कार काका. मशीन सासूबाईंचं होतं. चाक हलेना म्हणून बरेच दिवस तसंच पडून होतं, जागा अडत होती, मग भंगारात दिलं. आता मी शिवत नाही. तुम्ही एवढी आठवण ठेवून लिहिलंत, आभारी आहे. तुमचे लेख फार छान असतात.

बाबांनी मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा 'आभारी आहे'पाशी त्यांनी हात वर करून थांबवलं.

"साइट बंद कर," ते म्हणाले.

मसुदा चौथा (पाठवला नाही)

रकाना ३. पुढे असं होणार नाही याची हमी काय?

माननीय तपासनीस,
माझे वडील तुमच्या बाजूचे आहेत. ते म्हणतात, माझ्या नावावर कुणाचं मशीन भंगारात गेलं असेल तर आम्ही कुणाला न सापडलेलंच बरं. तेव्हा आमची विनंती अशी, की विनंती नाही.

तीन दिवस

बाबा चारला खुर्चीत बसले नाहीत. ते पलीकडच्या खोलीत झोपून राहिले, भिंतीकडे तोंड करून. साइट पुसायला एक बटण दाबावं लागतं, मग ते यंत्र विचारतं, नक्की का? मी दोनदा तिथवर गेले. मग कुकरची शिटी झाली की उठायची. फोन आला की उठायची. खरं तर मला कुणीतरी उठवायलाच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी आत्या अभ्रा घेऊन बाबांच्या उशाशी जाऊन बसली.

"अरे, किती दिवस रुसायचं?"

"रुसलो नाही, अक्का. दमलोय."

"दमायला काय केलंस? वाचलं पोरीने."

"ऐकून दमलो."

"बरं. मला एक सांग. ती बाई एकटीच होती का रे?"

"कुठली?"

"तेलवाली."

आत्याने दोरा दाताने तोडला. मी दारात उभी होते. थोड्या वेळाने बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले, पण ते तिला उद्देशून नव्हतं, "तक्रार घेऊन एक गिऱ्हाईक आलं, म्हणजे न बोलता दहा गेलेली असतात."

"मग त्या दहांची मशीनं आत्ता कुठे असतील?"

"माळ्यावर. पलंगाखाली." बाबा उठून बसले. "सगळ्यांनी काही भंगारात दिली नसतील. चाक जड झालंय एवढंच वाटत असेल त्यांना. त्यांना कळायला हवं." मग माझ्याकडे वळून, "चाक जड झालं असं कुणी त्या सर्चमध्ये लिहिलं, तर आपण दिसतो का?"

"आत्ता नाही. दंड उठेपर्यंत नाही."

"उठला तर?"

"कदाचित. मागे, दहाव्या-बाराव्या पानावर."

"तिथवर कुणी जातं का?"

"क्वचित."

त्यांनी पाय पलंगाखाली सोडले. मग म्हणाले, "घे लिहून."

लेख दोनशे एकसष्ट

मथळा त्यांनी गिऱ्हाइकाच्या भाषेत सांगितला: मोठं चाक जड झालंय, हलत नाही.

पहिलं वाक्य त्यांनी असं सांगितलं: या साइटवरच्या तेलाच्या लेखात वर्षभर चूक होती, ती माझी.

"तुमची का?" मी म्हटलं. "माझ्या मुलीची असं सांगा."

"गिऱ्हाइकासमोर दुकानातलं कोण चुकलं ते सांगत नसतात. पाटी ज्याची, चूक त्याची."

"पण बाबा, तुम्ही नको म्हटलं होतं. नको मी काढलं."

"ते घरात बोलू आपण. आयुष्यभर बोलू, घाई नाही."

मी टाइप केलं, ते म्हणाले तसं. मग वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. हल्ली ते सगळं दोनदा ऐकतात.

लेखात एकही लिंक नाही. मशीनचं तेल कुठे मिळतं, एवढं सांगायला एक द्यावीशी वाटली होती, फुकटच. बाबा म्हणाले, "नको. कुठल्याही मशीनच्या दुकानात मिळतं असं लिही. पायांनी जातील."

मसुदा पाचवा

माननीय तपासनीस,
मी लिंका विकल्या. एकशे बारा सापडल्या, सगळ्या काढल्या, त्यांच्यासाठी घुसवलेले शब्दही काढले. यादी सोबत आहे, प्रत्येक ठिकाणचं आधीचं वाक्य आणि आताचं. वडिलांनी सगळे लेख ऐकून तपासले. एका ठिकाणी मी 'नको' हा शब्द काढला होता, त्याने एका बाईंचं मशीन गेलं. तुमच्या नियमांत हे येत नाही. तरी लिहिते.
पुन्हा विकणार नाही. हमी देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही.

(सोळा दिवसांनी उत्तर आलं. आपली साइट मार्गदर्शक नियमांनुसार आढळल्याने कारवाई मागे घेण्यात आली आहे. मशीनच्या गोष्टीबद्दल काही नव्हतं. कुणी वाचलं की यंत्राने वाचलं, ते कळायला मार्ग नाही. संध्याकाळी महोदयाची मेल आली: आदरणीय संपादक महोदय, अभिनंदन. मी ती पुसली, आणि फोनवरची तिची सूचनाही पुसली.)

त्यानंतर

पूर्वी दिवसाला हजारांनी माणसं यायची. आता कधी चौदा, कधी नऊ. त्यांतली एक मी, दवाखान्यातून. सर्चवाल्यांनी दंड उठवला, पण जागा परत दिली नाही. ती जागा आता दुसऱ्या कुणाची आहे. मी त्यांची साइट पाहिली. टापटीप आहे. 'मशीनला तेल कसं घालावं' असा लेख आहे आणि त्यात नको कुठेही नाही. मी त्यांना लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

प्रश्न येत नाहीत. बाबा चारला खुर्चीत बसतात, बहुधा आत्या तिथे असते म्हणून. हात मांडीवर उघडे असतात. मी दवाखान्यातल्या गोष्टी सांगते, कुणाची दाढ, कुणाची कवळी. ते ऐकल्यासारखं करतात.

काल मी सांगितलं, "बाबा, दोनशे एकसष्टवर एक जण आलं होतं. सर्चमधून. मी नव्हे."

"काय लिहून आलं?"

"ते दिसत नाही. फक्त किती वेळ थांबलं ते दिसतं. चार मिनिटं."

"चार मिनिटांत तो वाचून होतो?"

"माहीत नाही."

"वाच. मी घड्याळ बघतो."

मी वाचला. भरभर नाही, बंद पडलेल्या मशीनपुढे बसून कुणी वाचेल तसा, रॉकेलपाशी थांबून, चाकापाशी थांबून. बाबांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं, मोठ्या आकड्यांचं घड्याळ हलू नये म्हणून. वाचून झालं.

"तीन मिनिटं आणि थोडं वर," ते म्हणाले. "म्हणजे शेवटपर्यंत वाचलं असेल."

"किंवा उघडं टाकून दूध बघायला गेली असेल," आत्या म्हणाली.

"गेली असेल," बाबा म्हणाले. "तू कशावरून ती म्हणतेस?"

"तो असता तर एका मिनिटात हातोडी आणायला गेला असता."

बाबांनी मनगट सोडलं. हात पुन्हा हलायला लागला. ते म्हणाले, सुई काढून ठेवा हे वाक्य आणखी वर घ्यायला हवं, अगदी पहिलं, चुकीच्या कबुलीच्याही आधी, कारण माणूस वाचता वाचताच चाकाला हात घालतो. मी लेख उघडला आणि ते वाक्य वर घेतलं.